फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा बाजार घडवणाऱ्यांच्या कारकिर्दी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या व्यवसायात ‘प्रभावशाली’ कोणाला म्हणावे?

ज्याने सर्वांत जास्त पैसा कमावला तो, असे उत्तर पटकन सुचते, पण येथे ते मानलेले नाही. रिचर्ड डेनिस यांनी घरच्यांकडून १,६०० डॉलर उसने घेतले, त्यांतले १,२०० एका छोट्या वायदे बाजाराच्या सभासदत्वावर घातले आणि उरलेल्या ४०० डॉलरवर सौदे सुरू करून पुढे कोट्यवधी डॉलर मिळवले. ही कथा चवीने सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखी आहेही. मात्र डेनिस नसते तरी बाजाराची रचना आहे तशीच राहिली असती. ज्यांच्यामुळे नवा करार अस्तित्वात आला, ज्यांनी क्लिअरिंगची, म्हणजे सौद्यांची हमी घेऊन ते चुकते करण्याची व्यवस्था अडचणीच्या दिवशी सावरली, ज्यांनी सभासदांचा रोष पत्करून पिट, म्हणजे ओरडून सौदे करण्याचे आखाडे, बंद केले किंवा ज्यांनी कायद्याची चौकट बदलली, अशा मंडळींचा विचार पुढील उत्तरांत केला आहे. त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतः सौदेही केले, आणि काहींनी त्यात मारही खाल्ला.

फ्युचर्स आणि ऑप्शन्स यांतला फरक थोडक्यात सांगता येईल का?

फ्युचर्समध्ये, म्हणजे वायद्यात, घेणारा आणि देणारा दोघेही ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावाने व्यवहार पुरा करण्यास बांधलेले असतात. ऑप्शनमध्ये प्रीमियम भरणाऱ्याला केवळ हक्क मिळतो, तर बंधन ऑप्शन विकणाऱ्यावर राहते. दोन्हींत क्लिअरिंग हाऊस दोन पक्षांच्या मध्ये उभे राहते आणि प्रत्येकाच्या दृष्टीने समोरचा पक्ष तेच असते. कारकिर्दींच्या या साऱ्या कहाण्या अखेर त्या मधल्या संस्थेवरच्या विश्वासाभोवती फिरतात.

बहुतेक नावे शिकागोशीच जोडलेली का आढळतात?

मध्य-पश्चिम अमेरिकेचे धान्य, गुरे आणि रेल्वे शिकागोत एकत्र येत असल्यामुळे. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड ही संस्था १८४८ साली स्थापन झाली आणि गहू, मका, सोयाबीन यांच्या वायद्यांवर तिचा दबदबा राहिला. तिच्या तुलनेत शिकागो मर्कंटाईल एक्स्चेंज, म्हणजे बोलीभाषेतले ‘मर्क’, हे गरिबाघरचे भावंड होते. १८९८ साली लोणी आणि अंडी यांच्या व्यापारासाठी निघालेल्या मंडळातून १९१९ साली ते उभे राहिले. पुढे कांद्याच्या वायद्यांत भाव इतके वेडेवाकडे फिरवले गेले की शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून अमेरिकी काँग्रेसने १९५८ साली कांद्याच्या वायद्यांवर कायद्यानेच बंदी घातली, आणि ती बंदी अजून उठलेली नाही. हातचा माल गेलेल्या मर्कला नवे काहीतरी शोधणे भागच होते. १९६१ साली त्यांनी डुकराच्या गोठवलेल्या मांसाचा, म्हणजे पोर्क बेलीजचा वायदा आणला आणि तो चांगलाच चालला. ज्याच्याकडे गमावण्यासारखे फारसे नसते तो प्रयोग करायला बिचकत नाही, आणि म्हणूनच चलनांचे वायदे प्रतिष्ठित बोर्ड ऑफ ट्रेडऐवजी मर्कमध्ये जन्मले, असे या लेखकाचे मत आहे.

लिओ मेलामेड यांची सुरुवात कशी झाली?

एका गैरसमजातून. मेलामेड यांचा जन्म १९३२ साली पोलंडमधील ब्यालिस्टोक येथे यिडिश शिकवणाऱ्या शिक्षक दांपत्याच्या पोटी झाला. नाझींपासून पळालेले हे कुटुंब लिथुआनियात पोहोचले, तेथील जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी दिलेल्या व्हिसावर सैबेरियामार्गे जपानला गेले आणि १९४१ साली अमेरिकेत उतरले. शिकागोत कायद्याचे शिक्षण घेताना मेलामेड यांना कारकुनीची नोकरी हवी होती. जाहिरातीत ‘मेरिल लिंच, पिअर्स, फेनर अँड बीन’ अशी आडनावांची लांबलचक माळ पाहून ही वकिलांचीच पेढी असणार, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात ती दलालांची पेढी निघाली आणि त्यांच्या वाट्याला मर्कमध्ये रनरचे काम आले. टेलिफोनवर आलेली ऑर्डर चिठ्ठीवर उतरवली जाई आणि ती चिठ्ठी घेऊन पिटपर्यंत धावणे हे रनरचे काम असे. त्या आरडाओरड्याच्या ते प्रेमात पडले, वडिलांकडून ३,००० डॉलर घेऊन त्यांनी सभासदत्व मिळवले, आणि नंतरची कित्येक वर्षे वकिली व सौदे असा दुहेरी संसार सांभाळला.

१९६७ साली ते संचालक मंडळावर निवडून आले आणि १९६९ साली अध्यक्ष झाले. येथे ‘निवडून आले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या काळी एक्स्चेंज ही सभासदांच्या मालकीची संस्था होती, म्हणून अध्यक्षाला प्रत्येक मोठ्या बदलासाठी पिटमध्ये उभ्या असलेल्या दलालांची मते मिळवावी लागत. या क्षेत्रातील जुन्या पिढीचे नेते मुळात राजकारणी होते, ते यामुळेच.

चलनांच्या वायद्यांची कल्पना त्यांना कशी सुचली, आणि ती चालली कशी?

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलर आणि सोने यांची सांगड तोडली आणि चलनांचे स्थिर दर डळमळले. दर हलणार असतील, तर आयातदार आणि निर्यातदार यांना जोखीम उतरवण्यासाठी वायदा लागणार, हे मेलामेड यांनी हेरले. मात्र डुकराच्या मांसाचे सौदे करणारी माणसे परकीय चलनांना हात लावणार, ही कल्पना न्यूयॉर्कच्या बँकांना हास्यास्पद वाटेल, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांच्याकडून मोबदला देऊन या बाजाराच्या गरजेविषयी टिपण लिहून घेतले आणि ते पुढे करून दारे उघडली. १६ मे १९७२ रोजी इंटरनॅशनल मॉनेटरी मार्केट सात चलनांच्या वायद्यांसह सुरू झाले.

नव्या वायद्याची खरी अडचण उद्घाटनानंतर सुरू होते. गर्दी नसेल तर सौदा होत नाही आणि सौदा होत नसेल तर गर्दी येत नाही. जुन्या सभासदांना आपले गुरांचे आणि पोर्क बेलीजचे पिट सोडवत नव्हते, त्यामुळे नव्या विभागासाठी वेगळे सभासदत्व काढून तरुण मंडळींना तेथे बसवावे लागले. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती, हीच त्या रचनेची गोम होती. पुढे १९८१ साली आलेल्या युरोडॉलरच्या, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँकांतील डॉलर-ठेवींच्या व्याजदराच्या, वायद्यात मालाची डिलिव्हरी रद्द करून फरकाची रक्कम रोखीने चुकती करण्याची पद्धत आली. शेअर निर्देशांकाची डिलिव्हरी देणे व्यवहारात शक्य नसल्याने एस अँड पी ५०० चा वायदा या पद्धतीवरच उभा राहिला. तो एप्रिल १९८२ मध्ये आला; निर्देशांकाच्या वायद्यात पहिला मान मात्र दोन महिने आधी कॅन्सस सिटीच्या छोट्या एक्स्चेंजने पटकावला होता.

प्राध्यापक मंडळी या व्यवसायात कशी आली?

रिचर्ड सँडॉर हे याचे ठळक उदाहरण आहे. बर्कली येथे अर्थशास्त्र शिकवणारे सँडॉर १९७२ साली रजा घेऊन बोर्ड ऑफ ट्रेडमध्ये मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून आले. ज्यांचे भाव हलतात ती प्रत्येक वस्तू वायद्यास पात्र असू शकते आणि व्याजदर ही अशीच एक वस्तू आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये गृहकर्जांवर आधारित ‘जिनी मे’ रोख्यांचा वायदा सुरू झाला. तो काही वर्षे चालला आणि मग ओसरला. ऑगस्ट १९७७ मध्ये आलेला ट्रेझरी बाँडचा वायदा मात्र त्या काळातील सर्वांत मोठ्या करारांपैकी एक ठरला.

सँडॉर यांचे कसब पाहायचे असेल तर या दुसऱ्या कराराची बारीक अक्षरे वाचावीत. एक लाख डॉलर दर्शनी किमतीचा, आठ टक्के व्याजाचा एक काल्पनिक बाँड आधाराला धरला गेला. तसा बाँड प्रत्यक्षात असण्याची गरज नव्हती, कारण किमान पंधरा वर्षे मुदत शिल्लक असलेला कोणताही सरकारी बाँड देण्याची मुभा विकणाऱ्याला होती आणि प्रत्येक बाँडसाठी गुणकाचे कोष्टक आधीच छापलेले असे. धान्याच्या वायद्यात ठरलेल्या प्रतीऐवजी दुसऱ्या प्रतीचा गहू दिला तर भावात कमी-अधिक करण्याची जी जुनी रीत होती, तीच येथे सुटाबुटात आली होती. या रचनेमुळे एखाद्याने एकच बाँड साठवून इतरांना कोंडीत पकडण्याचा धोका बराच कमी झाला. सँडॉर यांनी पुढे २००३ साली शिकागो क्लायमेट एक्स्चेंजमध्ये कार्बन उत्सर्जनाचे सौदे सुरू केले. अमेरिकेत उत्सर्जनाचे बंधन घालणारा कायदा झालाच नाही आणि २०१० साली ते सौदे थांबले. कायद्याने मागणी निर्माण केल्याशिवाय काही बाजार उभे राहत नाहीत, मग करार कितीही सुबक असो.

ऑप्शन्सच्या बाजाराचे श्रेय कोणाला जाते?

श्रेय वाटून द्यावे लागते. वॉल स्ट्रीट जर्नलचे माजी बातमीदार जोसेफ सुलिव्हन हे शिकागो बोर्ड ऑप्शन्स एक्स्चेंजचे पहिले अध्यक्ष. २६ एप्रिल १९७३ रोजी हे एक्स्चेंज बोर्ड ऑफ ट्रेडच्या सभासदांच्या जुन्या धूम्रपान-कक्षात उघडले. केवळ १६ कंपन्यांच्या शेअर्सवरचे कॉल (विकत घेण्याच्या हक्काचे) ऑप्शन्स होते, पुट (विकण्याच्या हक्काचे) नव्हतेच. पहिल्या दिवशी ९११ करारांचे सौदे झाले. त्याच वर्षी फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचे ऑप्शनची किंमत काढणारे सूत्र प्रसिद्ध झाले, आणि थोड्याच काळात ट्रेडर त्या सूत्रावरून छापलेले भावांचे तक्ते घेऊन उभे राहू लागले. शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांना १९९७ साली नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ सालीच निधन झाले होते.

थॉमस पीटरफी यांची वाट याहून वेगळी होती. १९४४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले पीटरफी १९६५ साली इंग्रजीचा गंध नसताना अमेरिकेत आले, प्रोग्रामर झाले आणि १९७७ साली अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजचे सभासदत्व घेऊन ऑप्शन्समध्ये उतरले. १९८० च्या दशकात त्यांनी पिटमधल्या आपल्या ट्रेडर्सच्या हाती छोटे संगणक दिले. नॅसडॅकच्या टर्मिनलमधून माहितीची वायर काढून त्यांनी सौदे आपोआप चालवले, तेव्हा ऑर्डर कीबोर्डवरूनच टाइप झाली पाहिजे, असा नियम दाखवण्यात आला. त्यांच्या माणसांनी मग कीबोर्डवर खटाखट बोटे आपटणारे एक यंत्रच बनवले आणि नियमाचे अक्षर पाळले. त्यांचीच पुढची कंपनी म्हणजे इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स.

पिटमधल्या अनुभवाचा नेतृत्वाला खरेच उपयोग होत असे का?

होत असे, पण तो सांगितला जातो त्या कारणाने नव्हे. तळहात स्वतःकडे वळलेला असेल तर ‘घेतो’ आणि बाहेर वळलेला असेल तर ‘देतो’, ही खूण आठवडाभरात शिकता येई. समोरच्याचा शब्द खरा की खोटा हे ओळखणे आणि स्वतःचा शब्द तोटा सोसूनही पाळणे मात्र वर्षे घेई, कारण शेकडो माणसांच्या गलक्यात झालेला सौदा चिठ्ठीवर खरडलेल्या दोन ओळींवर उभा असे. जॅक सँडनर तरुणपणी मुष्टियोद्धे होते, मग वकील झाले, आणि मर्कचे अध्यक्षपद त्यांनी एकूण १३ वर्षे भूषवले. टेरेन्स डफी डुकरांच्या वायद्याच्या पिटमधून वर आले, २००२ साली अध्यक्ष झाले आणि त्यांच्याच काळात मर्कने २००७ साली बोर्ड ऑफ ट्रेड व २००८ साली न्यूयॉर्कचे नायमेक्स हे एक्स्चेंज आपल्यात सामावून घेतले. १५९ वर्षांचे थोरले घराणे लोणी-अंड्यांच्या घरात विलीन झाले, याची मौज शिकागोच्या जुन्या दलालांना आजही वाटते.

ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीत नेतृत्वाची कसोटी नेमकी कुठे लागली?

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स निर्देशांक ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला, हे सर्वांना माहीत असते. खरी कसोटी त्या रात्री लागली. फ्युचर्समध्ये रोजचा नफा-तोटा रोजच चुकता करावा लागतो, त्यामुळे तोट्यात गेलेल्यांकडून सुमारे अडीच अब्ज डॉलर गोळा करून ते दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी नफ्यातल्यांना देणे मर्कच्या क्लिअरिंग हाऊसला भाग होते. पहाटेपर्यंत बहुतेक रक्कम आली, तरी सुमारे ४० कोटी डॉलर कमी पडत होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी बँकेशी फोनाफोनी चालू होती. बँकेने होकार दिला तेव्हा बाजार उघडायला काही मिनिटेच उरली होती. ती रक्कम वेळेत पोहोचली नसती, तर मर्क दिवाळखोर झाल्याची अफवा पुरेशी ठरली असती. मेलामेड यांच्या आठवणींतला हा भाग वाचताना जाणवते की त्या सकाळी त्यांच्या हाती ना करार होता ना कायदा; होती ती वीस वर्षांत जमवलेली ओळखीची माणसे.

संगणकावरील सौद्यांना कोणी विरोध केला आणि कोण टिकले?

विरोध सर्वत्र झाला. मर्कने ग्लोबेक्स या संगणकीय सौद्यांच्या प्रणालीची योजना १९८७ साली सभासदांपुढे ठेवली तेव्हा ती पिट बंद झाल्यानंतरच्या वेळेपुरतीच असेल, असे सांगावे लागले. प्रत्यक्ष सुरुवात जून १९९२ मध्ये झाली. स्वतःच्या मतदारांची रोजीरोटी ज्या यंत्राने जाणार आहे, त्याच यंत्राला त्यांच्याकडून मते मागणे ही अवघड कसरत होती. शिकागोतील बहुतेक फ्युचर्स पिट्सना टाळे लागायला जुलै २०१५ उजाडले.

लंडनला एवढा अवधी मिळाला नाही. १९८२ साली सुरू झालेल्या लिफे या एक्स्चेंजवर जर्मन सरकारी रोख्यांचा, म्हणजे बुंडचा वायदा जोरात चालत असे. फ्रँकफर्टच्या डीटीबी या एक्स्चेंजने १९९० पासून पूर्णपणे संगणकावर बाजार चालवला आणि कमी खर्चाच्या जोरावर १९९८ पर्यंत बुंडचे जवळजवळ सगळे सौदे लंडनहून ओढून नेले. वायद्यांत असे सहसा होत नाही, कारण जेथे गर्दी असते तेथेच नवा माणूस जातो. लिफे बुडणार असे वाटत असताना पूर्वीचे अध्यक्ष ब्रायन विल्यमसन यांना परत बोलावण्यात आले. त्यांनी पिट बंद करून लिफे कनेक्ट ही संगणकीय प्रणाली आणली, खर्च निर्दयपणे कापला आणि तीन वर्षांत संस्था इतकी सावरली की युरोनेक्स्ट या युरोपीय एक्स्चेंज कंपनीने ती ५५ कोटी ५० लाख पौंडांना विकत घेतली.

या मालिकेत जेफ्री स्प्रेकर यांचे स्थान निराळे आहे, कारण पिटशी त्यांचा काहीच संबंध नव्हता. शिक्षणाने केमिकल इंजिनिअर असलेले स्प्रेकर वीज प्रकल्प उभारत. विजेची खरेदी-विक्री पारदर्शकपणे व्हावी म्हणून त्यांनी १९९७ साली अटलांटातील एक डबघाईची कंपनी एका डॉलरला, कर्जासकट, विकत घेतली. तिच्यातून २००० साली इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंज उभे राहिले. पुढच्याच वर्षी लंडनचे तेल एक्स्चेंज त्यांनी घेतले, २००५ साली त्याचे पिट बंद केले आणि २०१३ साली न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची मालक कंपनी खरेदी केली.

एखाद्या एक्स्चेंजने बदनामीतून वर आल्याचे उदाहरण आहे का?

नायमेक्स. मे १९७६ मध्ये मेन राज्याच्या बटाट्यांच्या सुमारे एक हजार करारांची डिलिव्हरी झालीच नाही आणि एक्स्चेंजची अब्रू गेली. १९७८ साली अध्यक्ष झालेले मिशेल मार्क्स तेव्हा जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या कारकिर्दीत त्याच वर्षी हीटिंग ऑइलचा आणि मार्च १९८३ मध्ये कच्च्या तेलाचा वायदा आला. बटाटे विकणाऱ्यांनी तेलाच्या भावाचे जागतिक मापक बनवले.

नियामकांची गणना या यादीत करावी का?

अवश्य करावी. ब्रुकस्ली बॉर्न १९९६ ते १९९९ या काळात अमेरिकेच्या सीएफटीसी या नियामक आयोगाच्या अध्यक्ष होत्या. एक्स्चेंजबाहेर, दोन पक्षांत परस्पर होणाऱ्या डेरिव्हेटिव्ह (फ्युचर्स-ऑप्शन्ससारख्या) व्यवहारांवर देखरेख हवी का, एवढाच प्रश्न त्यांनी मे १९९८ मध्ये अधिकृतपणे विचारला. मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन, अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन आणि शेअर बाजाराच्या नियामक आयोगाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट या तिघांनी तो प्रश्नच थोपवला आणि २००० सालच्या कायद्याने हे व्यवहार आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवले. २००८ च्या संकटानंतर २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने त्यांना क्लिअरिंगच्या चौकटीत आणले. हा कायदा अंमलात आणणारे सीएफटीसीचे अध्यक्ष गॅरी गेन्स्लर पूर्वी गोल्डमन सॅक्समध्ये भागीदार होते आणि सरकारी अर्थखात्यात असताना त्यांनी त्याच २००० च्या कायद्याला पाठिंबा दिला होता. मत बदलले म्हणून त्यांना टोमणे मारले जातात. या लेखकाला तो त्यांचा मोठेपणा वाटतो.

नेतृत्वाच्या चुका किती महाग पडतात?

गोल्डमन सॅक्सचे माजी प्रमुख आणि न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर जॉन कोर्झाइन यांच्या हाताखालची एमएफ ग्लोबल ही दलाल कंपनी ऑक्टोबर २०११ मध्ये बुडाली, तेव्हा ग्राहकांच्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांतच सुमारे १.६ अब्ज डॉलरची तूट निघाली. मार्च २०२२ मध्ये निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला आणि लंडन मेटल एक्स्चेंजने त्या दिवशीचे झालेले सौदेच रद्द केले. सौदे रद्द करून बाजार वाचवला की बाजाराचा शब्द मोडला, यावर अजून वाद आहेत. याउलट २० एप्रिल २०२० रोजी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, तरी मर्कने सौदे कायम ठेवले आणि डफी यांनी त्या निर्णयाचे जाहीर समर्थन केले. उणे भाव येऊ शकतो, अशी सूचना त्यांच्या संस्थेने सभासदांना आधीच दिलेली होती.

पिट बंद झाल्यावर आता नेते येतात कुठून?

रनरपासून अध्यक्षापर्यंतचा जिना आता उरलेला नाही. बहुतेक एक्स्चेंजेस स्वतःच शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या असल्यामुळे प्रमुखाची निवड संचालक मंडळ करते आणि सभासदांच्या मतांना पूर्वीचे वजन नाही. नवी मंडळी कायदा, तंत्रज्ञान, गुंतवणूक बँका, नियामक आयोग आणि क्लिअरिंगमधल्या जोखीम विभागातून येतात. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांत कमी झगमगाटाचा आहे. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीची अनामत, किती घ्यावे, कोणता तारण माल स्वीकारावा आणि एखादा सभासद बुडाल्यास त्याच्या पोझिशन्स, म्हणजे उघडे सौदे, कशा लिलावात काढाव्यात, हे तेथे रोज ठरवले जाते.